कृपादानचं ओरिजनल खोकं

कृपादान,

तू पत्राला उत्तर देत नाहीस, म्हणून या वेळी पत्र तुझ्या नावानं लिहिते आहे आणि वाचायला चार लोकांना देणार आहे. तुला पाठ असलेल्या गोष्टीही त्यात येतील. कंटाळा आला तर मधलं सोड. शाळेत माझे धडे सोडायचास, तसंच.

तर वाचणाऱ्यांसाठी. कृपादान भिंगारदिवे हा मिशनच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरचा मुलगा आणि माझा जुना विद्यार्थी. गणितात बरा, इंग्रजीत दगड, आणि हट्टाला तोड नाही. सत्त्याण्णव साली यानं नगरला तारकपुरात माझ्या गॅरेजमध्ये तासाच्या भाड्यानं कॉम्प्युटरवर गेम खेळायचं दुकान काढलं. गाडी आमच्याकडे कधीच नव्हती. यजमानांना नुसत्या गॅरेजची हौस होती.

अशी दुकानं तेव्हा नगरात बरीच निघाली होती आणि झाडून सगळ्यांकडचा माल चोरीचा, म्हणजे कॉपी केलेल्या सीड्या. तू एकटा शहाणा पुण्याला गेलास आणि क्रिकेटचा गेम पक्क्या पावतीनं विकत घेऊन आलास. सीडी कॉम्प्युटरमध्ये गेली आणि खोकं काचेच्या कपाटात गेलं. वर नाताळची झिरमिळी लावलीस. आलेल्या गिऱ्हाइकाला आधी खोक्याचं दर्शन, मग खेळ. रस्त्यापलीकडचा बन्सी, त्याचंही असलंच दुकान, तुला ‘ओरिजनल’ अशी हाक मारायचा. ती शिवी आहे हे तुझ्या फार उशिरा लक्षात आलं.

त्या गेममधले खेळाडू सगळे टीव्हीवरचे. तू कुठली तरी फाईल उघडून त्यांना हाकललंस आणि आपली पोरं बसवलीस. तारकपूर, भिंगार, केडगाव, सिद्धार्थनगर असे संघ केलेस. प्रत्येकाच्या नावापुढे बॅटिंगचे, बोलिंगचे, फिल्डिंगचे गुण असत, तेही तूच ठरवायचास. रविवारची उपासना आटोपली की त्याच सुटाबुटात मैदानावर जाऊन टेनिस बॉलच्या मॅचेस बघत उभा राहायचास आणि सोमवारी सगळ्यांचे गुण बदलायचास. माझ्या वर्गाच्या निकालाला कधी इतकी गर्दी झाली नाही. श्रीमंत लोखंडे, पतपेढीतला वसुलीवाला, ज्याला बघून लोक गल्ली बदलतात, तो माझ्या दारात येऊन गाऱ्हाणं सांगत होता, की एक कॅच सुटला तर पोरानं फिल्डिंग निम्मी केली, तुम्ही तरी बोला बाई. समोसे घेऊन येणाऱ्यांचे समोसे तू खाल्लेस. गुण मात्र कुणाचे वाढवले नाहीस.

लबाडी केलीस ती एकाच माणसाच्या बाबतीत. सिद्धार्थनगरचा महेंद्र, तिथल्या जयमालाबाईंचा धाकटा मुलगा. वेगवान बोलर. सुप्याच्या एका कारखान्यात प्रेसखाली त्याच्या उजव्या हाताची बोटं गेली आणि मैदान सुटलं. तू त्याचे गुण जिथल्या तिथे ठेवलेस. दर सोमवारी सगळे वरखाली व्हायचे, महेंद्र तिथेच. कुणी हरकत घेतली नाही, श्रीमंतनंसुद्धा नाही. महेंद्र संध्याकाळी यायचा, डाव्या हातानं बटणं दाबायचा आणि पडद्यावरचा महेंद्र धावत येऊन भिंगारच्या दांड्या उडवायचा.

मग गेमची दुसरी आवृत्ती आली. रंगीत कपडे, स्टंप मोडतात वगैरे. गिऱ्हाइकं तीच मागू लागली. जुनी सीडी परत दिली तर नवी सवलतीत, असं दुकानदारानं सांगितलं आणि तू गुणी मुलासारखा ती खोक्यासकट परत देऊन आलास. नव्या खोक्याला झिरमिळीही नवी आणलीस.

नव्या सीडीत कंपनीनं पहारेकरी बसवला होता. गेम सुरू करताना तो प्रत्येक फाईल तपासायचा. त्यात एक जरी नाव आपलं दिसलं, की पडद्यावर सूचना यायची, फेरफार आढळला आहे, मूळ फाईल पुन्हा बसवा. आणि गेम बंद. नावं बदलायची असतील तर त्याची वेगळी डिस्क विकत घ्या. दिव्याच्या उजेडातले सामने वेगळ्या डिस्कमध्ये. नवी मैदानं आणखी एका डिस्कमध्ये. बॅट घ्या, मुठीचे पैसे निराळे.

आपल्या कापडबाजारात स्टीलचा पेला घेतला तरी भांडेवाला फुकट नाव घालून देतो. सासूचं घाल म्हटलं तर सासूचं घालतो. मी जन्मात पहिल्यांदा असा पेला पाहिला, की नाव घातलं म्हणून त्यानं पाणी धरायचं सोडलं.

आणि रस्त्यापलीकडे बन्सीकडे हाच गेम मजेत चालू होता. ज्या कुणी चोरांनी तो चोरला, त्यांनी चोरतानाच पहारेकरी कापून टाकला होता. त्यात तुम्ही वाटेल त्याचं नाव घाला. म्हणजे पहारा होता तो फक्त पैसे मोजणाऱ्यावर.

डिसेंबरात तुझी स्पर्धा होती, दरवर्षी नाताळच्या सुट्टीत व्हायची ती. महेंद्र त्याआधी एकदा येऊन बसला. पडद्यावर कुणी परका धावत आला, त्याच्यासारखाच, त्याच्याच पल्ल्यानं. महेंद्रनं ओव्हर पुरी केली आणि तो तुझ्याकडे वळला.

“दादा, मला टीममधून काढलं व्हय?”

“मी नाही काढलं रे. त्यांनी आतून कुलूप लावलंय.”

“कारखान्यानं काढलं, ते समजलं मला. हितं तर मी काय मागत बी नव्हतो.”

तो उठून गेला. तू कपाटाची काच पुसत बसलास. ती स्वच्छ होती.

दुसऱ्या दिवशी तू मला इंग्रजीत पत्र लिहायला लावलंस. मी कंपनीला लिहिलं, की या गृहस्थानं तुमचा माल विकत घेतला आहे, नगरातला बहुधा हा एकटाच, तर त्याला स्वतःच्या मित्रांची नावं घालू द्या. उत्तर आलं, छापील आणि गोड. डिस्क वेगळीच घ्यावी लागेल. जुन्या ग्राहकांना सवलत आहे, मात्र विकत घेतल्याचा पुरावा म्हणून खोक्याच्या झाकणावरचा छापील तुकडा कापून पाठवावा. पावती चालणार नाही. तू एक नाव बदललंस तर ते यांना क्षणात कळतं. तू पैसे दिलेस हे मात्र तुकडा पाहिल्याशिवाय कळत नाही.

मी लगेच दुसरं पत्र लिहिलं, लखोट्यावर पत्ता घातला, तिकिटं लावली आणि म्हटलं, तुकडा आण. आज आणतो बाई, म्हणालास. दुसऱ्या दिवशीही तेच म्हणालास. मी गॅरेजमध्ये डोकावले, तर ब्लेड हातात आणि खोकं मांडीवर, कोकरू घेऊन बसल्यासारखं.

“बाई, कापलं की ते ओरिजनल राहत नाही.”

माझ्याकडे याला उत्तर होतं, पण ते शाळेत द्यायचं होतं, पट्टीनं.

बन्सी त्याच्याकडची सीडी तुला द्यायला तयार होता. माझ्या दुकानात चोरीचा माल येणार नाही, असं तू त्याला सुनावलंस. आणि नाताळच्या आठवड्यात सूट घालून, रस्ता ओलांडून, त्याच्या दुकानात जाऊन उभा राहिलास. मी ओट्यावरून बघत होते. बन्सी मोठ्यानं म्हणाला, सगळ्या गल्लीनं ऐकावं म्हणूनच:

“या ओरिजनल. चोराच्या घरचा चहा चालंल का?”

“चहा नको. खुर्ची दे.”

दिवसभर बसून तू सगळे संघ तिथे घातलेस. महेंद्रचं नाव पहिलं घातलंस, जुन्या गुणांसकट. चोरी तुझ्या दुकानात आली नाही, तू चोरीच्या दुकानात गेलास, हा फरक तू नंतर मला दोनदा समजावलास. मला तो अजून कळलेला नाही. स्पर्धा बन्सीकडे झाली. सिद्धार्थनगर जिंकलं, शेवटची दांडी महेंद्रनं उडवली, आणि बन्सीनं फुकट वाटलेल्या पेढ्यांतला एक श्रीमंतनं तुझ्यासाठी आणून दिला. तू तो खाल्लास. त्यानंतर गिऱ्हाइकं तिकडेच राहिली. जाणारच होती. त्यांची नावं तिथे होती आणि तुझ्याकडे एक सुंदर खोकं होतं.

उन्हाळ्यात तू कुलूप लावलंस आणि सुप्याला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये चिकटलास. जाताना कॉम्प्युटर विकलेस, कपाट विकलंस. खोकं छातीशी धरून एसटीत बसलास. लोकांनी तुला जागा दिली. आत काहीतरी फुटण्यासारखं आहे, असं वाटलं असणार.

तुझी बायको आराधना परवा बाजारात भेटली. म्हणाली, खोकं टीव्हीवर ठेवलंय, लेकराला हात लावू देत नाहीत.

लखोटा माझ्या टेबलाच्या खणात आहे. पत्ता आहे, तिकिटं आहेत, आत पत्र आहे, त्यात ‘सोबत तुकडा जोडला आहे’ असं मी स्वच्छ अक्षरात लिहिलं आहे. टपालाचे दर मधे वाढले, म्हणून मागच्या महिन्यात वरून आणखी एक तिकीट चिकटवलं. तुकडा तू आणणार होतास.