मशीन बंद करणारे बाबा

जिनात काम करणाऱ्याच्या घरी दोन गोष्टी कधी संपत नाहीत. एक कापसाचं तूस आणि दुसरे किस्से. बाबा संध्याकाळी शर्ट झटकतात तेव्हा दोन्ही खाली पडतात. तूस आई झाडून टाकते. किस्से मी वहीच्या मागच्या पानांवर लिहून ठेवते. चारचौघांत सांगायचं म्हटलं की माझा आवाजच फुटत नाही, त्यापेक्षा लिहिलेलं बरं.

बाबा अकोल्याच्या जुन्या शहराजवळ एका जिनिंग फॅक्टरीत वायरमन आहेत. तिथे कापसातून सरकी वेगळी काढणारे रेचे ओळीनं लावलेले आहेत आणि त्यांवर बाया कापूस टाकतात. पूर्वी ते बंद करायला सगळ्या रेच्यांना मिळून एकच खटका होता, तोही शेडच्या पार टोकाला. एकदा त्यांतल्या पार्बताबाईचा हात रेच्याच्या फिरत्या रुळात गेला. खटक्यापर्यंत कोणी धावत पोचेपर्यंत तिची दोन बोटं गेली. त्या दिवशी बाबा जेवले नाहीत. "प्रत्येक रेच्यापाशी बटन बसवीन," एवढंच म्हणाले.

बटन दाबलं की पॅनेलच्या डब्यातला, मोटारीची वीज जोडून धरणारा रिले सुटतो. रिले सुटला की मोटार बंद होते आणि ब्रेक लागतो. जिनाच्या मालकांनी, शेठजींनी, परवानगी दिली, पण अट घालून. "या हंगामात तुह्या डब्यानं तीन वेळा विनाकारण जिन बंद पाडला, तर सगळं उपटून फेकीन!"

"चालेल," बाबा म्हणाले.

* * *

आधी रिले निवडायचा होता. शेठजींनी बाजारातून स्वस्तातला एक आणला, बाबांना दुसराच हवा होता. भांडण्यापेक्षा बाबांनी दोन्ही घरी आणले आणि रविवारी ओसरीवर मांडले. बाबा बटन दाबत, रिले "टक्" करी, आणि दर शंभराला मी वाटीत एक चिंचोका टाकी.

आत आत्या निवडण करत बसली होती. तिला वाटलं, पाल चुकचुकते आहे. दर टक्‌ला ती बोटानं जमिनीवर टकटक करून "कृष्ण कृष्ण" म्हणू लागली. तासभर म्हणाली. मग सूप आपटून बाहेर आली.

"दादा, एक तर त्या पालीले मार, नाहीतर माह्या तोंडाले कुलूप लाव!"

दिवेलागणीला स्वस्तातला रिले चिकटून बसला. बटन दाबलं तरी सुटेना. दुसरा टकटक करतच होता. चिकटलेला रिले म्हणजे बाईनं बटन दाबायचं आणि रेचा चालूच! बाबांनी तो तसाच चिकटलेला नेऊन शेठजींच्या गादीवर ठेवला. शेठजींनी दुसरा आणायला सांगितला.

* * *

दसऱ्याला जिनात पूजा झाली. दुसऱ्या दिवशी हंगामाची सुरुवात, आणि मोटार हलेना. शेठजी ओरडले, "एक!"

बाबांनी पॅनेल उघडलं. रिलेच्या चांदीच्या टोकांवर कोणीतरी अगदी मनोभावे हळदकुंकू लावलं होतं. त्यातून वीज जाणार कशी?

पूजा केली होती महादेवकाकांनी. ते मशीनला तेल घालतात. बाबांनी विचारलं, "काहून लावलं रे आतमधी?"

"बाहेरून लावलं तर त्याले कसं समजन?"

* * *

दिवाळीनंतर पुन्हा महादेवकाकाच! रिलेची पट्टी वरखाली होताना त्यांनी पाहिली आणि दोन थेंब तेल सोडलं. तेलात तूस बसलं, तुसाचा झाला लगदा, आणि भर दुपारी जिन बंद. "दोन!"

"अरे, रिलेले तेल घालत असतेत काय?"

"जे हलते त्याले तेल लागते, मिस्त्री. माह्या बापानं शिकवलं हाय."

"मग जिभेलेही घाल थोडं. लय हलते तुही."

काका रुसले. पण त्या संध्याकाळी बाबा रिलेची टोकं पुसत बसले, तेव्हा कंदील त्यांनीच धरला.

* * *

आता एकच वेळ उरली होती. बाबा रोज सकाळी अर्धा तास आधी जाऊन मऊ ब्रशनं रिले झाडत. टोकांना पॉलिश पेपर लावायचा नाही, चांदी खरवडते, असं त्यांनी पॅनेलच्या दारावर माझ्याकडून मोठ्या अक्षरात लिहून घेतलं. तूस तरीही आत जाईच. शेवटी त्यांनी आईची लोणच्याची काचेची बरणी नेली आणि रिलेवर उपडी घातली.

आठवडाभर येणारीजाणारी प्रत्येक बाई विचारी, "मिस्त्री, मुरला का?"

* * *

याच सुमारास शाळेत नव्या बाईंनी प्रत्येकीला विचारलं, वडील काय करतात. कोणाचे वकील, कोणाचे मास्तर. माझी पाळी आली तशी मी सगळं विसरले आणि म्हणाले, "मशीन बंद करतात." वर्ग हसला. घरी येईपर्यंत माझे कान तापले होते.

बाबांना सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "बराबर सांगितलं. चालू तर कोणीही करते."

* * *

संक्रांतीनंतरचा शनिवार. शाळा लवकर सुटली म्हणून मी बाबांचा जेवणाचा डबा घेऊन गेले होते आणि नेहमीप्रमाणे दाराआडच उभी होते. एकाएकी सगळे रेचे थांबले. इतकी शांतता मी तिथे कधी ऐकली नव्हती.

शेठजी गादीवरून धावत आले. "तीन! काढ रे तुहा डबा!"

बाबा पॅनेलकडे गेलेच नाहीत. पाना घेऊन सरळ सहाव्या रेच्याकडे पळाले. तिथे यमुना नावाची नवी मुलगी वाकून उभी होती. तिचा पदर रुळात गेला होता आणि गळा रुळापासून वीतभर राहिला होता. शेजारी पार्बताबाई, बटनावर तळवा दाबून.

शेठजी जवळ आले, आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला. "बाई, सोड आता. बंद झालं."

"पयले तिची मान सोडवा. मंग मी बटन सोडतो."

बाबांनी रूळ सैल करून पदर काढला. यमुना रेच्यापासून बाजूला झाली. तेव्हा कुठे पार्बताबाईनं हात उचलला.

बाबांनी हात पुसले आणि विचारलं, "शेठजी, डबा काढू?"

शेठजींनी रुळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "माह्या बडनेऱ्याच्या जिनात रेचे किती हायेत?"

"चोवीस."

"तिथं खटका?"

"एकच. शेडच्या टोकाले."

"मंग इथं काय करून राहिला? गाडी पकड!"