उलट्या आट्याचं पायडल

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. परवा जुनी पोलादी माउंटन बाईक विकत घेतली, तिला जुळणारे भाग बसवताना ग्रीसचा वास आला आणि दत्तू आठवला.

कंपनीतल्या माझ्या या मित्राची सायकल मीच जुळवली होती. डाव्या पायडलला उलटे आटे लागतात. माझ्याकडे उजवंच होतं. मी ते पान्याने दामटलं. आटे खरवडून चकचकीत कीस खाली पडला, तो पायाने सारला.

"बसलं का, राव?"

"जा बिनधास्त!"

निघोजेच्या उतारावर पायडल निखळलं. त्याचा गुडघा गेला, नोकरीही. मी सगळ्यांना सांगितलं, "वेडीवाकडी चालवली असेल." शेवटी त्यालाही तेच पटलं.

आज योग्य पायडल बोटांनी अलगद फिरलं. "दत्तू, चूक माझी होती," एवढंच तो जिवंत असताना म्हणायचं होतं.