सत्तरच्या पुढची थरथर

खंडेराव अहिरे आपली पिकअप घेऊन अंबडला माझ्या गॅरेजवर पहिल्यांदा आला, तेव्हा मी त्याला गाडीखाली न वाकताच सांगितलं होतं, "काही नाही, चाकं बॅलन्स करून घ्या, जाईल." सत्याण्णव साल असेल. तेव्हा मला माझ्या हाताचा जरा जास्तच गर्व होता. चाकं बॅलन्स झाली, मी पैसे घेतले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खंडेराव पुन्हा दारात उभा.

"मिस्तरी, सत्तरले परत थरथरनी."

खंडेराव सटाण्याकडचा, त्यामुळे त्याच्या तोंडी कायम अहिराणी. नाशकात त्याची इतकी वर्षं गेली, पण भाषा काही त्यानं बदलली नाही. गाडी त्यानं लिलावात घेतलेली. दणकट होती, मागचे पाटे ट्रकला शोभतील असे. साठपर्यंत अशी चालायची की मांडीवरच्या कपातला चहा हलणार नाही. काटा सत्तरला टेकला की आधी स्टेअरिंगमध्ये मुंग्या यायच्या, मग सीटखाली, आणि मग आरसा असा थरथरायचा की मागून येणारी एक गाडी दोन दिसायची. पुन्हा साठवर आणली की शांत.

मी काय काय बदललं नसेल! टायर बदलले, हब उघडले, शाफ्टचे क्रॉस नवे घातले, सेंटर बेअरिंग बदललं, ड्रम लेथवर फिरवून आणले, इंजिनाखालची रबरं टाकली. प्रत्येक वेळी ओझरच्या पुढं जाऊन आम्ही दोघं ट्रायल घ्यायचो. मी स्टेअरिंगवर, तो बाजूला. पासष्ट, अडुसष्ट... आणि खंडेराव माझ्याकडं न बघता म्हणायचा, "उनी." आली. तो एवढंच म्हणायचा आणि मला त्याचाच संताप यायचा. मी इतर गॅरेजवाल्यांकडं नेऊन दाखवली. सगळ्यांनी डोकं खाजवून एकच निदान केलं, गाडी मारलेली असणार, चेसिसलाच कुठंतरी पीळ आहे. खंडेरावनं विकायचाही प्रयत्न केला. गिऱ्हाईक ट्रायलला जायचं, आणि परत येऊन घरी विचारून सांगतो म्हणायचं.

त्याचा धंदा द्राक्षांचा होता. पिंपळगाव, ओझरच्या बागांमधून माल भरायचा आणि बाजार उघडायच्या आत वाशी गाठायची. साठनं गेलं तर भाव निघून जायचा. सत्तरच्या पुढं गेलं तर गाडी थरथरायची आणि घडांचे मणी गळायचे. दलालानं खोका उघडला की वर घड आणि खाली सुट्ट्या मण्यांचा थर. बागायतदार भले होते, कुणी वाईट बोललं नाही. "खंडेराव, राग मानू नका," एवढं म्हणून दुसरी गाडी लावली.

तेव्हाचा खंडेराव वेगळा होता, हे मला मुद्दाम सांगितलं पाहिजे. तो भांडायचा, माझ्या चहावाल्याला शिव्या द्यायचा, हसला की समोरच्या टपरीवरची माणसं वळून बघायची. त्याच्या मुलीच्या, हर्षालीच्या लग्नाला मी गेलो होतो. पाठवणीच्या वेळी हा गडी असा हमसून रडला की बँडवाले वाजवायचे थांबले. त्याची बायको कुसाबाई डोळे पुसत हसत होती आणि म्हणत होती, "पोरगी सासरे जाई ऱ्हायनी का ह्या?" पोरगी सासरी चाललीय की हे, असं. आपला नवरा रडका आहे याचं तिला फार कौतुक होतं.

द्राक्षं सुटली आणि त्याच सुमारास त्याला सरकारी दवाखान्याच्या बाहेर लहानू भेटला. पेठच्या पलीकडच्या पाड्यावरचा माणूस. त्याची आई वारली होती आणि मढं न्यायला कुणी गाडीवाला तयार नव्हता. मढं नेलेल्या गाडीत पुन्हा फळं कोण भरणार? खंडेरावच्या गाडीत तशीही कुणी भरत नव्हतं. त्यानं लहानूच्या आईला मागं ठेवलं, लहानूला तिच्याजवळ बसवलं.

"हळूच ने दादा," लहानू म्हणाला. "आयला हादरं नको."

त्या दिवशी खंडेरावला कळलं की जगात असंही एक भाडं आहे ज्याला घाई नाही. पेठचा घाट, सुरगाण्याचा रस्ता, कुठंच सत्तरची गरज नाही. उलट लोक हळू न्या म्हणून हात जोडतात. पुढच्या आठवड्यात दवाखान्यातल्या वॉर्डबॉयनं स्वतःच फोन केला. मग तो धंदाच झाला.

कुसाबाईला हे मुळीच पसंत नव्हतं. पण ती तोंड फिरवून बसणाऱ्यांतली नव्हती. तो परत आला की ती दाराबाहेर बादली घेऊन उभी असायची. आधी गाडीचा हौदा धुवायचा, मग तिथंच त्यानं अंगावर पाणी घ्यायचं, कडुलिंबाचं पान चावायचं, आणि मग घरात. पाणी ओतता ओतता ती विचारायची, "कोन व्हतं?"

सुरुवातीला तो सांगायचा. म्हातारी होती. विहिरीत पडलेला तरणा पोरगा होता. बाळंतपणात गेलेली बाई होती, धाकटी बहीण तिचे पाय धरून बसली होती. कुसाबाई ऐकायची, नाव विचारायची, आणि देवापुढं दिवा लावताना तेही नाव घ्यायची. नंतर तो एवढंच सांगायला लागला, "एक बाई व्हती." आणि नंतर, "बॉडी." ती नाव विचारायची, तर त्याला ठाऊक नसायचं. रस्त्यात पोलिसांनी अडवून गाडीत काय म्हणून विचारलं, तरी तो काच खाली करून तोच एक शब्द बोलायचा आणि पुढं निघायचा.

माझ्याकडंही तो तसाच यायला लागला. ऑइल बदलायला यायचा, स्टुलावर बसायचा, चहा थंड झाला तरी हातात धरून बसायचा. त्याचा धाकटा भाऊ वारला, तेव्हा त्यालाही यानंच गावी नेलं, आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडं येऊन हॉर्न वाजत नाही म्हणाला. मी खरंच घाबरलो. माणूस दुःख गिळतो, ते मी पाहिलंय. याच्यापाशी गिळायलाही काही उरलं नव्हतं.

एकदा कुसाबाई एकटीच गॅरेजवर आली. फडक्यात कळण्याची भाकर आणि ठेचा बांधून आणला होता. मला म्हणाली, "मिस्तरीभाऊ, तेवढी थरथर काढी द्या. थरथर गई का हाई काम सुटी जाई. त्या परत द्राक्षं भरतीन." मग फडकं माझ्या हातात देत म्हणाली, "मी काल त्यासले इचारं, मी मरसू तवय तरी रडशात का? तर म्हनतस, आज टायरमा हवा कमी शे."

आम्ही दोघं हसलो. हसण्यासारखंच होतं ते. पण ती गेल्यावर मी ठेचा खाल्ला तो डोळ्यांतून पाणी काढत, आणि सगळं पाणी काही मिरचीचं नव्हतं. त्या आठवड्यात मी अख्खा शाफ्ट उतरवून नवा घातला, माझ्या खर्चानं. ट्रायल घेतली. अडुसष्ट. सत्तर.

"उनी," खंडेराव म्हणाला.

दोन हजार नऊमध्ये कुसाबाई आजारी पडली. पोटात पाणी व्हायला लागलं. गंगापूर रोडच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं, आणि खंडेरावनं तिला पिकअपमध्ये पुढं आपल्या शेजारी बसवलं. सवयीनं गाडी चाळीसनं चालवत होता. निम्म्या रस्त्यात ती म्हणाली, "अहो, मी जित्ती शे अजून. जरा पळाडा." हे त्यानं मला नंतर सांगितलं, डिझेलचा भाव सांगावा तसं.

तिथं ती फार दिवस राहिली नाही. गेली त्या सकाळी संतोषचा, त्यांच्या मुलाचा, फोन आला आणि मी त्यांच्या घरी गेलो. शेजारच्या कलाबाईनं आणि आळीतल्या बायकांनी तिला आंघोळ घातली होती, हिरवं लुगडं नेसवलं होतं. नवऱ्याच्या आधी गेली, सवाष्ण गेली, म्हणून मळवट भरला होता आणि दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरवा चुडा. हात छातीवर एकमेकांजवळ आणून अंगठे बांधले होते. वरून पांढरं घातलं. सटाण्याजवळच्या गावीच न्यायचं, हे तिनंच सांगून ठेवलं होतं. हर्षाली सासरहून थेट तिकडं निघाली होती.

मी म्हटलं, दुसरी गाडी सांगू या. खंडेराव म्हणाला, "गाडी शे ना." त्यानं हौद्यात चटई अंथरली, कोपरे नीट दाबले, इतरांसाठी दाबायचा तसेच. तिला ठेवलं. संतोष तिच्या उशाशी बसला. मी खंडेरावच्या शेजारी बसलो, कारण त्याला एकट्याला स्टेअरिंगवर सोडायची माझी तयारी नव्हती.

अंबड सुटलं, आडगाव सुटलं. पंचावन्नवर काटा.  मला त्याचा राग आला, खरं सांगतो. तिनं विचारलेलं मला आठवत होतं. ओझरच्या पुढं मागून एक ट्रक आला आणि हॉर्नवर हात ठेवूनच बसला. त्याला चुकवायला खंडेरावनं पाय दाबला. साठ. पासष्ट. नव्या चौपदरी रस्त्यावर गाडी मोकळी सुटली आणि काटा सत्तरच्या पुढं गेला. स्टेअरिंग थरथरलं. आरसा थरथरला.

आणि मागं किणकिण सुरू झाली.

मी मेकॅनिक. माझं डोकं आधी तिकडंच धावलं. कुठला नट सुटला, कुठली पट्टी वाजतेय? मी कान दिला. लोखंड असं वाजत नाही. काच होती. थांबत नव्हती, बारीक, मोकळी. भाकरी थापताना बाईच्या हातातला चुडा वाजतो तशी.

ट्रक मागं पडला होता. आता पाय काढायला हरकत नव्हती. खंडेरावनं काढला नाही.

"ऐकू येस का?" त्यानं मला विचारलं.

"येतंय," मी म्हणालो.

तो समोर बघत राहिला. काटा सत्तरच्या जरा पुढं धरलेला. इतकी वर्षं ज्या आकड्याला आम्ही दोघं घाबरून होतो, तो त्यानं पायाखाली असा धरून ठेवला होता की सुई इकडची तिकडं होऊ नये. पिंपळगाव गेलं. एका उतारावर गाड्यांच्या रांगेमुळं वेग कमी झाला तेव्हा किणकिण थांबली, आणि त्याचे ओठ हलायला लागले. वाट मोकळी होताच त्यानं पुन्हा सत्तर गाठली. ती पुन्हा वाजायला लागली.

सोग्रस फाटा आला. इथून डावीकडं वळायचं, मग भावडबारी, देवळा, सटाणा. पुढचा रस्ता अरुंद, वळणांचा. त्यावर सत्तर निघत नाही. खंडेराव वळला नाही. मागच्या काचेवर संतोषची बोटं वाजली.

"खंडेराव, फाटा मागं राहिला," मी म्हणालो.

"माले माहीत शे."

"गावाला लोक थांबलेत. हर्षाली पोचली असेल."

"मालेगाववरथून जाऊ," तो म्हणाला. मालेगावापर्यंत हायवे आहे.

 एवढी वर्षं ती थरथर काढायला मी किती वेळा त्या गाडीखाली झोपलो होतो; त्या दिवशी मी मनातल्या मनात हात जोडले, की आता हिला काही होऊ देऊ नको, चांदवडपर्यंत, राहुडपर्यंत, मालेगावपर्यंत अशीच राहू दे. मला हे लिहितानाही विचित्र वाटतं, पण मागितलं मी तेच. राहुडच्या घाटात गाडी हळू झाली आणि मागं सगळं शांत झालं. घाट उतरताच त्यानं पुन्हा पाय दाबला.

मालेगावच्या अलीकडं पोलिसांचा बंदोबस्त होता. गाड्या अडवून बघत होते. खंडेरावला थांबावंच लागलं. इंजिन बंद केलं, आणि मागची किणकिण गेली ती गेलीच. एक तरुण हवालदार काचेशी आला.

"गाडीत काय आहे?"

खंडेरावनं काच खाली केली. तोंड उघडलं. तो एक शब्द त्यानं इतक्या नाक्यांवर, इतक्या वेळा उच्चारला होता, तो येईना. हवालदारानं पुन्हा विचारलं. मी बोलायला पुढं वाकलो, तर खंडेरावनं माझा हात धरला.

"कुसा शे," तो म्हणाला. "साहेब, मनी कुसा शे." माझी कुसा.

आणि स्टेअरिंगवर डोकं टेकून तो रडायला लागला. हर्षालीच्या लग्नात रडला होता तसा, मोठ्यानं, रस्त्यावरची माणसं वळून बघतील असा. हवालदारानं टोपी काढली. संतोष मागून उडी मारून आला आणि दार उघडायला लागला. मी त्याला थांबवलं. म्हटलं, रडू दे, तिनं विचारून ठेवलं होतं.