इंग्रजांच्या कचेरीत आलेली माणसं

किस्से जमवावे लागत नाहीत हो. इंग्रजांनी बांधलेल्या कचेरीत नोकरी धरा, ते आपल्या पायांनी जिना चढून येतात! मी तिथल्या रेकॉर्ड रूममध्ये बावीस वर्षं काढली. मित्र म्हणतात, ‘हसायचं सांग काही.’ सांगतो.

आंजीच्या एक आजी सातबारा घ्यायला आल्या. चपला बाहेर काढून, तापल्या फरशीवर उभ्या.

‘आजी, चपला घालून या ना!’

‘नाई बाबू. माह्या सासऱ्यानं याच दारात मार खाल्ला होता, जोडे काढाचे राह्यले म्हून.’

‘आता इंग्रज गेले, आजी!’

‘मले कोनी सांगतलं नाई,’ आजी म्हणाल्या.

*

जुन्या लॉकअपमध्ये आता कोरे फॉर्म ठेवतात. सावंगीच्या कॉलेजच्या दोन मुली बिल्डिंग बघायला आल्या आणि गजांपाशी सेल्फी काढू लागल्या. मागून एक म्हातारबा म्हणाले, ‘पोरी, माहा बी एक काढतं का? माहा बाप चार रोज होता अंदर, झेंडा लावला म्हून. त्याचा फोटोच नाई घरी.’

मुलीनं त्यांचा फोटो काढला. स्वतःचे मात्र डिलीट केले.

*

आमचे शिपाई वामनराव पक्षकारांचा पुकारा करत. त्यांचा आवाज रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीपर्यंत जायचा! घशाचं ऑपरेशन झालं, आवाज गेला. पहिल्या दिवशी ड्युटीवर आले, तर व्हरांडा एकदम चिडीचूप.

वामनरावांनी फॉर्मच्या पाठीवर लिहून मला दाखवलं, ‘आवाज होता तवा कोनी आयकत नोतं. आता पाहा, सारे कसे माह्या तोंडाकडं पाहून राह्यले!’

*

आणि एक ते आजोबा. वय ऐंशीच्या पुढे. दाखला-बिखला काही नको होता. म्हणाले, ‘माह्या जलमाच्या आधी एक बहीण झाली होती. तिची नोंद दाखव.’

गावागावातले जन्म-मृत्यू पूर्वी ‘कोतवाल बुक’ नावाच्या नोंदवहीत लिहीत. दोन तासांनी मृत्यूच्या नोंदींत ते पान सापडलं. मी वाचलं, ‘मुलगी. वय आठ दिवस. ताप.’

‘नाव?’

‘नाव लिहिलं नाही, आजोबा.’

‘गंगा होतं. लिवून घे.’

‘सरकारी बुक आहे. मला हात लावता येत नाही.’

ते त्या ओळीवर बोट ठेवून बसून राहिले.

‘माय मरेपर्यंत ते नाव घेत होती. आता मी एकलाच घेतो. माह्या मांगं कोनी नाई.’ मग माझ्याकडे पाहून म्हणाले, ‘लिवू नको बापा. एक डाव म्हन फक्त.’

मी खुर्चीवरून उठलो आणि म्हणालो, ‘गंगा.’