पदरचं घातलेलं वाक्य

जोगळेकर सर वर्गात शिरले की आधी फळा पुसायचे, स्वच्छ असला तरी. मग त्यावर एकच इंग्रजी शब्दसमूह लिहायचे आणि अख्खा तास त्याच्यावरच काढायचे. मलकापूरजवळच्या आमच्या शाळेत मी गणित शिकवायचे. भिंतीपलीकडून त्यांचा आवाज यायचा, "'इन स्पाइट ऑफ' म्हणजे 'असूनही'. पाऊस असूनही तो आला. झालं! पुढे आणखी 'बट' कशाला रे गाढवा? आहे तेवढंच म्हण. पदरचं घालू नकोस!" हे इतक्यांदा व्हायचं की पोरं घरी जाऊन आयांनाही तेच ऐकवायची.

गावात घरटी एक जण पलटणीत. इंग्रजी कागद आला की तो वाचायला सरांकडेच यायचा.

एकाहत्तरच्या लढाईनंतर हौसाबाई असंच एक पाकीट घेऊन मधल्या सुट्टीत आल्या. त्यांचा तानाजी, सरांचाच विद्यार्थी, जखमी होऊन लष्करी इस्पितळात होता. सरांनी पत्र मनात वाचलं. मी त्यांच्या मागेच उभी होते. 'इन स्पाइट ऑफ'ने सुरू होणारी ओळ मलाही दिसली. सगळे प्रयत्न करूनही तानाजी वाचला नव्हता.

"काय म्हंत्यात, मास्तर? बरं हाय न्हवं पोरगं?"

सरांनी कागदाची घडी घातली. "इतकं लागूनही बरा आहे. सुधारतोय."

त्या गेल्यावर मी भडकलेच. "सर, हे काय केलंत?"

"अहो बाई, घरात एकटी आहे ती. उद्या इस्लामपूरहून तिच्या लेकीला बोलावून घेतो, मग मीच जाऊन सांगतो."

आणि सांगितलंही त्यांनी.

पंधरा दिवसांनी हौसाबाई शाळेत आल्या. रडल्या नाहीत. "मास्तर, पोरगं गेल्यालं, आन् मी आळीत साखर वाटली. दारोदार. तानाजी म्हनायचा, सर पदरचं कवाच घालत न्हाईत. म्हनून तर तुमच्याकडं आल्ते."

त्यानंतर सरांनी कुणाचं पत्र वाचलं नाही. 'इन स्पाइट ऑफ'चा धडा आला की, "बाई, तेवढं तुम्ही घ्या," म्हणून व्हरांड्यात जाऊन उभे राहायचे. मला फार वाईट वाटायचं. मी तरी त्या दिवशी हौसाबाईंसमोर कुठे तोंड उघडलं होतं!

निवृत्तीनंतर ते सांगलीला गेले. मी त्यांना शेवटची भेटले तेव्हा ते पार खंगले होते. वहिनींनी चहा आणला, माझा गोड, त्यांचा बिनसाखरेचा.

"मधुमेह का हो?" मी स्वयंपाकघरात हळूच विचारलं.

"छे! मलकापूरला असतानाच साखर सोडलीय. का, ते मेलं सांगतच नाहीत."

मीही सांगितलं नाही.