डब्याशिवाय मासळी नाही

उरणहून आमच्या कळंबोलीच्या सोसायटीत मासळी विकायला येणाऱ्या त्या बाईचं नाव मी कधी विचारलं नाही. नव्वदच्या दशकात पातळ प्लास्टिकच्या पिशव्या नुकत्या फुकट मिळू लागल्या होत्या आणि आम्ही सगळ्याजणी त्यांच्यावर खूश होतो. ही बाई मात्र पिशवी देत नसे. जिन्यात बसून मासे साफ करायची आणि खवले, आतडी वेगळ्या टोपलीत टाकायची. वर आमच्याकडून भाज्यांची सालंही मागून न्यायची. ते सगळं तिच्या दारच्या माडाच्या बुंध्याशी पुरलं जाई.

एका रविवारी पाहुणे घरात येऊन बसलेले. "आज द्या ना पिशवीत, मावशी," मी वैतागून म्हटलं.

"डबा आना, बाय. आमचे जाल्यान आता म्हावरा कमी, तुमच्या पिशव्याच जास्ती घावतान."

"मग राहू दे. नाक्यावरचा मासळीवाला देतो पिशवीत."

"त्याच्याकरं जावा." तिने माझ्यासाठी कापलेलं पापलेट टोपलीत परत ठेवलं आणि चुंबळ डोक्यावर नीट बसवली. कापलेला मासा आता कोण घेणार, याची फिकीर तिच्या चेहऱ्यावर औषधालाही नव्हती.

मी पाय आपटत आत गेले आणि कुकरचं भांडं घेऊन आले.

पुढे तिची हाकच बदलली. फाटकातून ती 'म्हावरा घ्या' म्हणेनाशी झाली. "डबे आना गो!" एवढंच ओरडायची, आणि मजल्यामजल्यावर झाकणं वाजू लागायची.