जगूला सांगू नये

जगन्नाथ तांडेल गेल्याची बातमी मला तारापूरच्या एका कारखान्यात, डोकं पॅनेलच्या कपाटात खुपसलेलं असताना मिळाली. बाहेरून तिथला ऑपरेटर म्हणाला, "राऊतसाहेब, बोईसरहून फोन होता. जगूदादा गेले." मी आतूनच विचारलं, "कुठे गेला? आणि माझा मल्टिमीटर घेऊन गेला असणार. परत कधी येतोय ते विचार." मी आणखी एक स्क्रू पिळला, डोकं बाहेर काढलं आणि त्याचा चेहरा पाहिला… मल्टिमीटर माझ्याच पिशवीत होता. वीस वर्षांच्या सोबतीत मी जगूवर जेवढे आळ घेतले त्यातला हा शेवटचा, आणि बाकीच्यांसारखाच खोटा.

त्याला आता दीड महिना होईल. मध्यंतरी औद्योगिक वसाहतीतल्या कारखानदारांनी शोकसभा ठेवली. पहिले वक्ते म्हणाले, "तांडेल प्रामाणिक होते, पण अव्यवहारी होते." दुसऱ्यांना ते वाक्य आवडलं, त्यांनीही वापरलं. तिसऱ्यांनी त्यात 'कमालीचे' घातलं. मी मागच्या रांगेत तापत होतो. शेवटी उठलो, तावातावाने पुढे गेलो. सूत्रसंचालकांना वाटलं मी आभार मानायला आलोय. त्यांनी तसं जाहीरही केलं. आणि मी, काय सांगू, आभार मानले. हॉलचे मानले, सतरंज्यांचे मानले, त्या तिन्ही वक्त्यांचे तर नाव घेऊन मानले. शोकसभेत आभार मानत नाहीत हे मला बोईसर स्टेशनाच्या पुलावर आठवलं. तेव्हा तिथे जे बोलायचं राहिलं ते इथे लिहितोय. त्या वाक्यातला 'पण' मला मान्य नाही.

आमची गाठ पडली सत्तरच्या दशकाच्या अखेरीला. बोईसरच्या एका कारखान्यात आम्ही दोघे इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक म्हणून लागलो. मी सफाळ्याचा, घरी भातशेती. तो शिरगावचा, घरी होडी. कारखान्यात एक परदेशी यंत्र होतं. ते बंद पडलं की मुंबईहून कंपनीचा माणूस यायचा, आम्हाला खोलीबाहेर काढायचा, दार लावून काहीतरी करायचा आणि जायचा. एकदा तो आठ दिवस आला नाही. जगूने त्या आठ दिवसांत यंत्राची एकेक तार बोटाने चाचपत नेली आणि सगळी जोडणी एका मोठ्या कागदावर काढली. यंत्र चालू केलं, आणि तो कागद भाताच्या खळीने यंत्राच्या दाराला आतून चिकटवला. मॅनेजर भडकले. "कुणाच्या परवानगीने लावलं हे?"

"साहेब, दार बंद केलं की दिसत नाय," जगू म्हणाला.

पुढे आम्ही नोकरी सोडून वसाहतीत एक गाळा घेतला आणि कारखान्यांना लागणारी पॅनेलं बनवू लागलो. जगूचा नियम पहिल्या दिवसापासून होता. पॅनेल जाईल तिथे दारात त्याचा नकाशा जाईल. मी म्हणायचो, अरे, उद्या कुणीही इलेक्ट्रिशियन हे बघून दुरुस्त करेल, आपल्याला कोण बोलावणार? तो म्हणायचा, "चांगलं हाय की. आपुन नवीन बनवू." मला हे पटायचं नाही. म्हणून मी एक शहाणपण केलं. टायमरची एक ऑर्डर माझ्या एकट्याच्या हातात होती, तेव्हा आतल्या प्रत्येक चिपवरचा नंबर पॉलिश पेपरने घासून काढला. नकाशा अर्थातच लावला नाही. आता कोण नक्कल करतो बघू, असं म्हणून टायमर पाठवून दिले. सात महिन्यांनी त्यातला एक बंद पडून परत आला. उघडला तर समोर अकरा काळ्या गुळगुळीत चिपा, सगळ्या सारख्या. कुठली कुठली, मला आठवेना. दोन दिवस भिंग लावून बसलो. जगू शेजारी शेंगदाणे खात बसला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी म्हणाला, "राऊत, कुलूप चांगलं केलंस. चोर पण भायेर, मालक पण भायेर."

नव्वदीत कॉम्प्युटर आले आणि आम्ही प्रोग्रॅम लिहू लागलो. जगूने नियम तसाच पुढे नेला. प्रोग्रॅमच्या सगळ्या ओळी छापायच्या, घडी करून प्लास्टिकच्या पिशवीत घालायच्या आणि पॅनेलच्या दारात अडकवायच्या. ज्यांना हे ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, प्रोग्रॅममध्ये ओळीच्या सुरुवातीला 'रेम' असं लिहिलं की कॉम्प्युटर ती ओळ सोडून देतो. ती फक्त माणसांनी वाचायची. जगूच्या प्रोग्रॅममध्ये दर चार ओळींमागे एक रेम असायची, इंग्रजी अक्षरांत पण मराठीत. 'रेम: पंप आधी का चालू करायचा ते खाली बघा.' 'रेम: ही ओळ राऊतची आहे, मला नीट कळली नाही.' पॅनेल बसवायला गेला की तिथल्या ऑपरेटरला बसवून तो रेमा वाचायला शिकवायचा. इतकी वर्षं त्याच्याबरोबर राहून मलाही ती सवय लागलेली. काही केलं की का केलं ते मी रेमेत लिहायचो. आपोआप. पानाला चुना लावावा तसं.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला ते. रंगाचं रसायन बनवणारा एक कारखाना आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक होता. आमचं निम्मं काम तिथून यायचं. सांडपाणी बाहेर सोडण्याआधी त्याचा आंबटपणा मोजायचा आणि दर पाच मिनिटांनी आकडा कागदावर छापायचा, हा प्रोग्रॅम आम्ही त्यांना दिला होता. आकडा सातच्या आसपास असला की पाणी ठीक. सहाच्या खाली गेला की ॲसिड. ते पाणी पुढे खाडीला जाणार. एक दिवस कारखान्याच्या मालकांनी, शेठनी, मला एकट्याला केबिनमध्ये बोलावलं, स्वतःच्या हाताने चहा दिला.

"राऊतभाई, आपला कागद जरा देखणा पाहिजे."

"म्हणजे शाई बदलू का?"

"शाई नको. आकडा. खाली उतरला ना, तर आधीचा चांगलावाला छापायचा. बस. तांडेलला कशाला तकलीफ देता, तुम्ही करून टाका."

मी केलं. घाबरून केलं असं सांगता आलं असतं तर बरं होतं, पण खरं म्हणजे मला ते फार सोपं वाटलं. दोन ओळींचं काम. गाळ्यावर येऊन त्या दोन ओळी लिहिल्या आणि वर, सवयीने, एक रेम टाकली. 'रेम: शेठ म्हणाले म्हणून. सहाच्या खाली आलं तर आधीचा आकडा छापावा. जगूला सांगू नये.'

फ्लॉपी जगूच्या हातात दिली, म्हटलं, थोडी सुधारणा केलीय, बसवून ये. त्याने माझ्यावर भरवसा ठेवून न वाचता ती बसवली, नेहमीप्रमाणे सगळ्या ओळी छापल्या, पिशवीत घातल्या आणि दारात अडकवून आला.

तिसऱ्या दिवशी त्या प्लांटवरचा ऑपरेटर काशिनाथ सायकल मारत आमच्या गाळ्यावर आला. हातात ती पिशवी. मी समोरच होतो, पण तो माझ्याकडे न बघता जगूकडे गेला. "जगूदादा, यात लिवलंय की तुमाला सांगू नये. म्हणून सांगाया आलो."

जगूने ती ओळ वाचली. मग खालच्या दोन ओळी वाचल्या. काशिनाथला चहा पाजून पाठवला. मला वाटलं आता हा ओरडेल. तो ओरडला असता तर मलाही ओरडता आलं असतं, त्याची तयारी मी केली होती. तो म्हणाला, "रेम मात्र नीट लिवलीस."

मग आमचं वाजलं. मी म्हटलं, प्रोग्रॅम गिऱ्हाइकाचा आहे, त्याने सांगितलं ते आपण लिहायचं, पुढचं तो जाणे आणि सरकार जाणे. आपण नाही लिहिलं तर दुसरा लिहील. जगू म्हणाला, "दुसऱ्याला लिवू दे. मीटरच खोटं बोलायला लागला तर मीटर लावायचाच कशाला? सात आकडा कागदावर काढ, फ्रेम करून भिंतीला लाव. तेवढाच उपयोग हाय त्याचा." मग मी जे बोलायला नको होतं ते बोललो. म्हटलं, "तुझी माणसं खाडीत जाळी टाकतात म्हणून तुला एवढं लागतंय." तो म्हणाला, "मासळीचं बोलायचं असतं तर मी कोळी म्हणून मोर्च्यात गेलो असतो, राऊत. हितं मी मेकॅनिक म्हणून बोलतोय. ती खाडी नसती, ओसाड माळ असता, तरी हेच बोललो असतो. आपल्या पॅनेलवर आकडा दिसला की माणूस तो खरा धरतो. आपुन दुसरं काय इकतो?"

दुसऱ्या दिवशी तो मला घेऊनच शेठकडे गेला. मी केबिनच्या दारापाशी उभा राहिलो, पळायला जवळ. जगूने सांगितलं, त्या दोन ओळी आज काढणार.

शेठ हसले. "तांडेल, प्रोग्रॅम माझा की तुझा?"

"तुमचाच, शेठ. सगळा छापून दारात ठेवलाय. तुमाला वाटेल तो बदल करा, मी आडवा येणार नाय. पायजे तर करायला शिकवतो. फक्त जो बदलेल त्याने वर रेम टाकून आपलं नाव लिवायचं. तुमी लिवा तुमचं."

शेठनी पंखा बंद केला. आम्हाला वाटलं ते विचार करतायत. ते आम्हाला निघायला सांगत होते.

ते गिऱ्हाईक गेलं. त्याच्यामागे आणखी चार गेली, कारण शेठचा शब्द वसाहतीत चालायचा. त्या कारखान्यात मुंबईच्या एका कंपनीचा सीलबंद खोका आला. त्याच्या दारात काही अडकवलेलं नव्हतं, त्याला दारच नव्हतं. कागद छान देखणा येऊ लागला. काशिनाथची बदली गोदामात झाली. खाडीचं म्हणाल तर तिच्या बाबतीत आम्ही काहीएक वाचवलं नाही, हे मी कबूल करतो. आणि मी? मी जगूशी भांडून त्याच सीलबंद खोकेवाल्यांकडे नोकरीला लागलो. टाय बांधत होतो. अकरा महिने वसाहतीत खोके बसवत फिरलो. ऑपरेटर विचारायचे, साहेब, आत काय हाय? मी म्हणायचो, आत बघायचं नाही. खरं उत्तर असं होतं की मलाही ठाऊक नव्हतं, कंपनी आम्हालाही दाखवत नव्हती. एका दुपारी एका खोक्याने बंद टाकीतलं पाणी सात दाखवलं. टाकी रिकामी होती. मी टाय काढला आणि आमच्या गाळ्यावर गेलो. जगूने वर बघितलंही नाही. "खुर्चीवरचा डबा उचल आणि बस," म्हणाला. गाळ्यात तेव्हा कामं फार नव्हती, डबाही एका माणसाचाच होता. तरी त्याच्या कुठल्याही पॅनेलच्या दारातून कागद निघालेला नव्हता.

ह्याला वसाहत अव्यवहारी म्हणते. मी व्यवहारी होतो. रिकाम्या टाकीचा दाखला देत फिरत होतो.

जाण्याच्या महिनाभर आधी त्याने कुठल्याशा कॉम्प्युटरच्या मासिकातला लेख मला दाखवला. परदेशात लोक आता प्रोग्रॅमच्या ओळी उघड्या ठेवतात, कुणीही बघावं, बदलावं, पुढे द्यावं. त्याला 'ओपन सोर्स' म्हणतात. मी म्हटलं, "जगू, हे तर तुझंच." त्याने चष्मा वर केला. "माझं कसं? त्यांनी शोधलं, मला नुसती खळ लागायची." मग लेखाच्या शेवटी बघत म्हणाला, "लिवणाऱ्याने नाव टाकलंय. बरं केलं."

गेल्या आठवड्यात मुंबईहून एक सभ्य गृहस्थ गाळ्यावर आले. जगूचे सगळे प्रोग्रॅम त्यांना विकत हवेत. रक्कम बरी होती, आणि जगूच्या बायकोला, शकुंतलावहिनींना, तिची गरज आहे हे मला माहीत आहे. अट एकच, यापुढे आम्ही ते कुणाला दाखवायचे नाहीत. मी शिरगावला गेलो. वहिनी अंगणात बोंबील उलटत होत्या. मी सगळं सांगितलं, अटीसकट, आणि व्यवहारी माणसासारखा सल्लाही दिला की विचार करा.

"भावोजी," त्या म्हणाल्या, "ते तर लोकांच्या दाराला लटकवलेत. तुमी दारोदार फिरून परत गोळा करणार हाय काय?"

"तसं नाही, वहिनी. ते म्हणतात, जे झालं ते झालं, पुढे दाखवायचं नाही."

"मग आमचे हे असते तर काय बोलले असते, ते तुमाला म्हायती नाय? माझ्याकडे कशाला आलात, बोंबील खायाला?" आणि खरंच जेवायला बसवलं.

त्या गृहस्थांना मी दुसऱ्या दिवशी कळवलं, विकायचे नाहीत, हवे तर फुकट घेऊन जा. त्यांना वाटलं मी भाव वाढवतोय. म्हणून आता जाहीरच लिहितो. जगन्नाथ तांडेलने लिहिलेला प्रत्येक प्रोग्रॅम आमच्या गाळ्यात, खिडकीखालच्या उघड्या फळीवर आहे. कागद आहेत, फ्लॉप्याही आहेत. ज्याला हवा त्याने यावं, नक्कल करून घ्यावी, बदलावा, दुसऱ्याला द्यावा. शेठ, तुम्हीही या. बदल केलात तर वर रेम टाका, का केला ते लिहा आणि खाली स्वतःचं नाव. त्या दोन ओळींवर मी माझं टाकलेलं नव्हतं. परवा जुना कागद काढला आणि पेनने लिहिलं: प्र. रा. राऊत. तो कागदही फळीवरच आहे, सगळ्यात वर.